दिवा लागला, पण कॉन्टॅक्ट?

"दिवा लागलाय, म्हणजे रिले ठीक आहे," असे आज बडोद्याजवळच्या आमच्या प्रकल्पात टर्बाइनचे पॅनेल तपासताना एक तरुण सहकारी सहज म्हणाला आणि ते वाक्य दिवसभर मनातून जाईना. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच: कॉइलला वीज मिळाली की तिच्या चुंबकत्वाने धातूचे कॉन्टॅक्ट जुळतात आणि पुढचे सर्किट पूर्ण होते.

टर्बाइनच्या नियंत्रण यंत्रणेतल्या टीआरएलवायएच१बी या बोर्डावर १२ रिले असतात. त्यांतल्या पहिल्या ६ रिलेंना जंपर (छोटी जोडपट्टी) लावून थेट सोलेनॉइडही (व्हॉल्व्हसारखा भाग हलवणारे विद्युतचुंबक) चालवता येतो. दिवा सांगतो ते एवढेच, की कॉइलला व्होल्टेज मिळाले आहे. काळवंडलेला कॉन्टॅक्ट त्याला कसा कळणार?

सर्किट वेगळे करून मी मल्टीमीटरची टोके टर्मिनलांवर टेकवली. रिले टक्कन वाजला, दिवाही लागला, मीटर मात्र ओपनच, म्हणजे सर्किट तुटलेलेच, दाखवत राहिला. वंगणतेलाचा राखीव पंप सुरू होणे अशाच एखाद्या कॉन्टॅक्टवर अवलंबून असते, म्हणून हे मला फार गंभीर वाटते.

तुमच्याकडे चाचणीच्या नोंदवहीत कॉन्टॅक्टचे रीडिंग लिहितात का?