चौकातल्या खांबावर नेमके काय काय बसवलेले असते?

सिग्नलच्या खांबावर कॅमेरा दिसला की तो चलन करणाराच असणार, असे बहुतेक जण गृहीत धरतात. प्रत्यक्षात पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मोठ्या चौकात वेगवेगळ्या कामांची उपकरणे शेजारी शेजारी बसवलेली असतात, आणि त्यांतल्या काहींना तुमच्या नंबरप्लेटशी काहीही देणेघेणे नसते. रस्ता सार्वजनिक आहे आणि ही उपकरणेही सार्वजनिक पैशातून आलेली आहेत. त्यामुळे कोणते उपकरण आपल्याकडे कशासाठी पाहत आहे, हे सर्वसामान्य नागरिकाला ओळखता यायला हवे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी उपकरणाच्या आकाराइतकेच ते कोणत्या दिशेला रोखलेले आहे आणि त्याच्या जोडीला आणखी काय आहे, याकडे लक्ष द्यावे लागते.

सर्वांत सहज ओळखू येतो तो घुमटाच्या आकाराचा, गडद काचेआडचा कॅमेरा. नियंत्रण कक्षातून तो चहूबाजूंना फिरवता येतो आणि दूरचे दृश्य जवळ आणून पाहता येते. कोंडी, अपघात, मिरवणूक, बंदोबस्त यांवर नजर ठेवणे हे त्याचे मुख्य काम. त्याच्या चित्रावरूनही चलन होऊ शकते, पण तेव्हा कुणीतरी कर्मचारी पडद्यावर पाहून ते करत असतो.

आपोआप नंबर टिपणारी यंत्रणा निराळी दिसते. तिचे लांबट, नळकांड्यासारखे कॅमेरे रस्त्यावर झुकलेल्या आडव्या हातावर, बहुधा प्रत्येक मार्गिकेला एक असे ओळीने लावलेले असतात आणि थांबरेषेच्या आसपासच्या ठरावीक तुकड्यावरच रोखलेले असतात. प्रत्येकाशेजारी बारीक दिव्यांचे एक चौकोनी पॅनल असते. ते दिवे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश टाकतात. नंबरप्लेटचा पृष्ठभाग हा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो, म्हणून समोरच्या हेडलाइटच्या झगमगाटातही अक्षरे स्वच्छ उमटतात. रात्री त्या पॅनलकडे नीट पाहिले, तर काही ठिकाणी मंद लालसर ठिपके दिसतात. ज्या दिव्यांची तरंगलांबी आणखी जास्त असते, ते मात्र डोळ्यांना अजिबात दिसत नाहीत.

केवळ नंबर वाचून सिग्नल तोडल्याचे सिद्ध होत नाही. त्यासाठी लाल दिवा, थांबरेषा आणि वाहन एकाच चौकटीत यावे लागते. म्हणून आणखी एक, रुंद दृश्य टिपणारा कॅमेरा थांबरेषेच्या बराच मागे, वाहने ज्या दिशेने जातात त्याच दिशेला तोंड करून लावतात. नंबर वाचणारे कॅमेरे, दिव्यांचे पॅनल आणि मागचा हा साक्षीदार कॅमेरा असे तिन्ही एकत्र दिसले, तर तिथे सिग्नल तोडणाऱ्यांची आपोआप नोंद होत असण्याची शक्यता मोठी आहे.

सिग्नलच्या वेळा ठरवण्यासाठी वाहने मोजणारी उपकरणे हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. त्यांतले एक जुने उपकरण वर नाही, पायाखाली असते. डांबरात चौकोनी किंवा षटकोनी खाच कापून तिच्यात तारेची वेटोळी पुरतात आणि वर काळा लेप भरतात. धातूचे वाहन वर आले की तारेचे विद्युतप्रेरण (तिच्या चुंबकीय क्षेत्राशी निगडित गुणधर्म) बदलते आणि रस्त्याकडेच्या पेटीतल्या यंत्राला वाहन आल्याचे कळते. हे वजनाने चालते असा समज सार्वत्रिक आहे, पण वजनाचा इथे काहीही संबंध नाही. म्हणूनच खाचेच्या मधोमध उभ्या केलेल्या दुचाकीची नोंद कधी कधी होत नाही, तर तीच दुचाकी खाचेच्या रेषेवर उभी केली की होते. अमेरिकेतल्या शहरांत अशा खाचा चौकाचौकांत दिसतात. आपल्याकडे मार्गिका पाळल्या जात नाहीत, दुचाकी फटीफटीतून पुढे येतात आणि रस्ता वारंवार खोदला जातो. एकदा तार तुटली की ते वेटोळे निकामी. त्यामुळे इथल्या परिस्थितीला वरून पाहणारी साधने अधिक सोयीची, हे माझे स्पष्ट मत आहे.

वरून पाहणाऱ्या साधनांत मुख्यतः दोन प्रकार येतात. एक म्हणजे थांबरेषेमागची रांग बघणारा कॅमेरा. याच्या चित्रावर संगणकात काल्पनिक चौकटी आखलेल्या असतात आणि त्यांत वाहन आले की नोंद होते. त्याच्याजवळ अवरक्त दिव्यांचे पॅनल सहसा नसते, कारण त्याला नंबर वाचायचाच नसतो. दुसरा प्रकार रडारचा. ही एक चपटी पेटी असते, तिला भिंग नसते, आणि धुके किंवा मुसळधार पाऊस असला तरी तिचे काम चालू राहते. भिंग नाही म्हणजे फोटो नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ गैरसमज टळतील.

मोजणी खरोखर उपयोगात येते का, याचा एक अंदाज उलट मोजणाऱ्या आकड्यांवरून बांधता येतो. दर वेळी आकडे त्याच संख्येपासून सुरू होत असतील, तर वेळ बहुधा आधीच ठरवून दिलेली आहे. गर्दीनुसार हिरवा दिवा लांबणाऱ्या किंवा आखडणाऱ्या व्यवस्थेत असा ठाम आकडा आधीपासून दाखवणे अवघड जाते. रस्ता रिकामा असूनही लाल दिव्यापाशी तिष्ठत राहावे लागत असेल, तर खांबावर मोजणीची साधने असूनही ती सिग्नलच्या वेळा बदलणाऱ्या यंत्राला जोडलेली आहेत का, हा प्रश्न महापालिकेला जरूर विचारावा.

नोंद करणाऱ्या यंत्रणेला कायद्याची चौकट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६अ आले आणि त्यानुसार केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७अ अधिसूचित केला. उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, देखरेखीखालचा रस्त्याचा भाग सुरू होण्याआधी इशाऱ्याचा फलक ठळकपणे लावलेला हवा आणि चलनासोबत गुन्हा व नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारा, तारीख-वेळ-ठिकाण नोंदवलेला फोटो हवा, असे त्यात म्हटले आहे. सिग्नल तोडल्याचे चलन मोबाइलवर आले तर दंड भरण्याआधी तो फोटो उघडून त्यात लाल दिवा, थांबरेषा आणि आपले वाहन एकत्र दिसते का, हे तपासावे. आणि दिसत नसेल, तर त्याच फोटोच्या आधारे हरकत नोंदवावी.