अज्ञान, सज्ञान आणि माझा भाऊ

भावाच्या नावाचं खातं उघडायला चार महिन्यांत नऊ वेळा मी एका बँकेच्या काउंटरसमोर उभी राहिले. त्यातल्या सहा वेळा त्याला बरोबर घेऊन, कारण "खातेदार समक्ष पाहिजे". भाऊ ३४ वर्षांचा आहे, समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. टोकनची घंटी वाजली की दोन्ही कान झाकतो आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवतो. सोलापूरजवळच्या कुंभारीहून त्याला आवरून, रिक्षात बसवून न्यायचं आणि परत आणायचं म्हणजे माझा एक खाडा. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, खाड्याचे पैसे कापतात.

आईनं आयुष्यभर बिड्या वळल्या. तंबाखूनं तिची बोटं कायमची पिवळी झाली आहेत, कात्री धरून अंगठ्याला घट्टा पडला आहे. बिडी कामगाराचं कार्ड बंद झाल्यावर प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे आले, त्यातला एक रुपया तिनं मोडू दिला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा दोन वर्षं पुढं ढकललं. पैसे कुणासाठी, तर ह्याच्यासाठी. लहानपणी तो एकदा सोलापूरच्या गड्डा यात्रेत हरवला होता, होम मैदानावर पाळण्यांच्या गर्दीत. तेव्हापासून दर संक्रांतीला ती त्याच्या मनगटावर पेननं नंबर लिहिते आणि पदराचं टोक त्याच्या शर्टाच्या काजात गाठ मारून बांधते. आता गुडघ्यांमुळं तिला यात्रेत चालवत नाही, तर गाठ माझ्या ओढणीला असते.

"माझ्यामागं ह्याचं कसं गं?" हे ती रोज म्हणायची. मीही रोज म्हणायची, मी आहे की. पण नुसतं असून भागत नाही, हे फंडाचे पैसे त्याच्या नावावर ठेवायला गेलो तेव्हा कळलं.

मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं आईबापसुद्धा त्याचे पालक राहत नाहीत. मग ते बोलू शकत नसेल, सही करू शकत नसेल, तरी. ज्यांना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता आहे, त्यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. आईनं अर्ज केला, पालक म्हणून माझं नाव दिलं, मी संमती लिहून दिली. दिव्यांग प्रमाणपत्र आधीचंच होतं. समितीसमोर आईला विचारलं, मुलीचंच नाव का? आई म्हणाली, "त्याला ताप आला की तो हिलाच हाक मारतो." प्रमाणपत्र मिळालं. मला वाटलं, सुटलो.

बँकेत काउंटरवरच्या साहेबांनी प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं. म्हणाले, "हे काय आहे? कोर्टाची ऑर्डर आणा." मी म्हटलं, साहेब, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीचं आहे. ते म्हणाले, "मुलगा सज्ञान आहे ना? मग पालक कसला? पालक अज्ञान खात्याला लागतो." फॉर्मवर खरंच दोनच चौकोन होते: अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, आणि सज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण झालेला. माझा भाऊ त्यातल्या कुठल्याच चौकोनात बसत नव्हता.

पुढच्या वेळी दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथल्या मॅडम चांगल्या वागल्या, पण "सिस्टीम घेत नाही" म्हणाल्या. तिसऱ्या वेळी, "लीगलला पाठवलंय, फोन करू." फोन आला नाही. चौथ्या वेळी कुणीतरी सुचवलं, त्याची सही घ्या आणि साधं खातं उघडा. त्यांनी त्याच्यापुढं पेन ठेवलं. भावाला त्याच्या नावाचं पहिलं अक्षर येतं, तेवढंच. जीभ ओठांवर धरून त्यानं ते काढलं, रकान्याबाहेर, अर्ध्या फॉर्मभर. मग सगळ्यांकडं बघून हसला. "सही जुळायला पाहिजे, असं नाही चालत," म्हणून तो फॉर्म फाडला. त्याच्यासमोर. रिक्षात बसल्यावर त्यानं मला विचारलं, "चुकलं?" त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही.

एक आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल: तोंडी नकार कधीच घेऊ नका. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पहिल्या पाच खेपांना माझ्याकडं पोचच नव्हती, म्हणजे कागदावर मी तिथं कधी गेलेच नव्हते.

सहाव्या खेपेआधी, ज्या संस्थेत भाऊ दिवसा जातो तिथल्या बाईंनी मला रिझर्व्ह बँकेचा कागद छापून दिला. २००७ मध्येच रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना कळवलंय की खातं उघडायला आणि चालवायला स्थानिक स्तर समितीचं पालकत्व प्रमाणपत्र चालतं. एवढंच नाही, ही माहिती शाखेत ठळक दिसेल अशी, स्थानिक भाषेतसुद्धा लावायची आहे, आपल्या भागातल्या समितीच्या तपशिलासकट. मी त्या शाखेच्या चारही भिंती पाहिल्या. सोनेतारण कर्ज होतं, विम्याची जाहिरात होती. ही पाटी नव्हती. ती असती तर माझ्या भावाला तो फाटलेला कागद बघावा लागला नसता. हा राग अजून उतरलेला नाही.

मी लेखी तक्रार दिली: प्रमाणपत्र का चालत नाही ते लिहून द्या. पोच घेतली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तरानं समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, ते अर्जातच लिहिलं. तिथं तक्रार ऑनलाइन आणि फुकट होते. बेत तोच होता. एकोणिसाव्या दिवशी बँकेतून फोन आला, "ताई, उद्या या." त्यानंतर दोन खेपा फोटो आणि केवायसीच्या झाल्या. पासबुकवर भावाचं नाव, खाली कायदेशीर पालक म्हणून माझं. आईनं ते डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचून घेतलं, मग पातळाच्या घडीत ठेवलं.

मानसिक आजार असलेल्यांना हा कायदा लागू नाही, त्यांचा रस्ता वेगळा आहे. शेजारच्या गल्लीतल्या एका काकूंचे त्यात सहा महिने गेले, म्हणून लिहिते. आणि आई-वडील हयात आहेत तोवरच अर्ज करा. समितीसमोर आईनं स्वतः सांगितलं म्हणून आम्हाला दुसरं काही सिद्ध करावं लागलं नाही.

शेवटचं एक कुणी सांगत नाही. पालक नेमल्यापासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, आणि मग दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. काल रात्री मी यादी करायला बसले. मुदत ठेव, बचत खातं. कुंभारीच्या गोदूताई वसाहतीतलं घर आईच्या नावावर आहे, ते यात येत नाही, त्याचं मृत्युपत्र वेगळं करायचं आहे. जंगम मालमत्तेत रेडिओ आणि घड्याळ लिहिलं. भाऊ शेजारी बसून बघत होता. उठून आत गेला आणि त्याचा पत्र्याचा डबा आणून माझ्या वहीवर ठेवला. त्यात बिडीच्या बंडलांची लेबलं आहेत, आईनं वीस-पंचवीस वर्षं जपून आणलेली, रंगारंगानं लावलेली.

"हे लिव्ह," म्हणाला.

लिहिलं. पाचव्या क्रमांकावर.