नियम क्रमांक १७

"मालक कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"संस्था," मी म्हटलं.

"मग संस्थेची लेखी संमती द्या. मी थांबतो."

आमची घोडी राणी चिरेखाणीच्या काठावर, तांबड्या चिखलात आडवी पडली होती. पुढच्या उजव्या पायाचं नळीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं. आषाढातला शनिवार, दुपारचे चार वाजलेले, पाऊस असा की समोरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, दिसत नव्हता. गावातल्या दहा-बारा पोरांनी बांबू आणि ताडपत्रीची झोळी करून तिला खाणीच्या पाण्यातून वर काढलं होतं आणि आता तीच ताडपत्री ते तिच्यावर धरून उभे होते. गोठ्यामागचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आदल्या रात्रीच्या पावसात ढासळला, तिथून ती बाहेर पडली आणि चरत चरत जुन्या खाणीत कोसळली.

मी दापोलीच्या कोर्टात वकिली करते आणि प्राणिमित्रांच्या एका छोट्या संस्थेची नऊ वर्षं सचिव आहे. संस्थेची घटना आणि नियमावली माझ्या हातची आहे. त्या दिवसाबद्दल लिहायचं ठरवलं ते त्यासाठीच.

घोड्याचा पाय मोडला तर माणसासारखं प्लास्टर घालून महिनाभर निजवून ठेवता येत नाही. एवढं वजनदार जनावर फार वेळ एका कुशीवर राहिलं, तर खाली दबलेले स्नायू आणि फुप्फुस निकामी व्हायला लागतात. उभं केलं तर सगळा भार उरलेल्या पायांवर येतो आणि त्यांचे खूर आतून सुजून सुटायला लागतात. त्यात हाड उघडं आणि आत चिखल गेलेला. डॉक्टरांनी दहा मिनिटं पाहिलं, वेदनाशामक आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि मला बाजूला नेऊन सांगितलं, "हिला वाचवण्याचा रस्ता नाही. त्रास किती वेळ होऊ द्यायचा, एवढंच आपल्या हातात आहे."

राणी आमच्याकडे आली ती मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी घोडी. हंगाम संपला की अशी बरीच जनावरं मोकाट सोडली जातात, दिवाळीत पुन्हा धरून आणतात. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. तट्टूवर ७० किलोपेक्षा जास्त ओझं घालायचं नाही, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन काम द्यायचं नाही. वाळूत रुतत दोन-दोन माणसं वाहणाऱ्या घोडीला हे नियम कोण वाचून दाखवणार? तिच्या पाठीवर दोन जुनी क्षतं होती. मालकाने कटकट नको म्हणून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ती आम्हाला कायमची लिहून दिली. तो कागद मीच केला. त्या कागदाने ती संस्थेची झाली, आणि संस्थेची झाली म्हणून नियम क्रमांक १७ तिला लागू झाला.

तो नियम असा होता: 'संस्थेच्या मालकीच्या कोणत्याही प्राण्यास दयामरण देण्याचा निर्णय कार्यकारी मंडळाच्या एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमतानेच घेता येईल.' मंडळ अकरा जणांचं. म्हणजे आठ जणांचा होकार हवा.

हा नियम आला नानांमुळे. नाना आमच्या संस्थेचे सर्वांत ज्येष्ठ सभासद, आंबा-काजूची बाग, घरात कायम चार-पाच लंगडी-आंधळी कुत्री. संस्था नोंदवताना ते म्हणाले होते, "मुक्या जिवाच्या मरणावर एकट्या माणसाची सही नको. आज दुखतंय म्हणून मारतील, उद्या चारा परवडत नाय म्हणून मारतील." मला ते पटलं होतं. आजही पटतं. नोंदणीला किमान सात जण लागतात तेवढे गोळा करून आम्ही संस्था काढली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदली, मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही. बाकीची नियमावली एका वाचनालयाच्या घटनेवरून बेतली होती. सभेची नोटीस, गणपूर्ती, वर्गणी थकली तर काय, हिशेब तपासनीस कोण. पुस्तकांच्या संस्थेला ते पुरतं. पुस्तक चिखलात पाय मोडून पडत नाही.

साडेचारपासून मी फोन करत बसले. वाडीतल्या एका पडवीत, कारण तिथेच एक-दोन काड्या रेंज येत होती. आणीबाणीत फोनवर संमती घेऊन नंतर सही घ्यायची, अशी एक तरतूद सुदैवाने होती. मंडळातले चौघे मुंबईत राहतात. तिघांनी लगेच हो म्हटलं, चौथे कोकण रेल्वेत होते आणि त्यांचा फोन बंद लागत होता. दापोलीतल्या दोघांच्या गावात सकाळपासून वीज नव्हती, त्यांचे फोनही बंद. एकाच्या घरी मी एका पोराला मोटरसायकलवर पाठवलं, तर वाटेतला पऱ्या भरून वाहत होता, तो परत आला. रात्री दहापर्यंत माझ्यासकट सात होकार झाले.

आठवं मत नानांचं होतं आणि नाना राणीपाशीच बसले होते. संध्याकाळी सहाला कळल्यावर ते पायी आले होते, डोक्यावर इरलं घेऊन. चिखलात बसकण मारून तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. "नाय बाय. ती अजून माझ्या हाताला ओठ लावतेय."

डॉक्टरांना मधेच एका गावात अडलेल्या गाईसाठी जावं लागलं. जाताना त्यांनी अजून एक गुंगीचं इंजेक्शन दिलं. ते उतरायला लागलं की राणी मान आपटायची, तीन पायांवर उठायचा प्रयत्न करायची आणि मोडका पाय खाली टेकायची. तो आवाज मी इथे लिहीत नाही.

मी कायदा आठवत बसले होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्ये वाट आहे: जनावर इतकं जखमी असेल की हलवणंही क्रूरपणा, आणि मालक हजर नसेल किंवा संमती देत नसेल, तर शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याने पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवावं, त्याचा दाखला घ्यावा आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने जनावराला दयामरण द्यावं. बेवारस जनावरासाठीसुद्धा कायद्याने विचार केलाय. आमची राणी बेवारस नव्हती. तिचा मालक तिथे उभा होता, फक्त त्याला हो म्हणायला आठ माणसं लागत होती.

नियम मोडून मी एकटीने सही का नाही केली, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. आधीच्याच वर्षी आमच्या एका पदाधिकाऱ्याने ठरावाशिवाय खर्च केला, तेव्हा मीच सभेत उभं राहून नियमाबाहेर एक पाऊलही नको असं बोलले होते. आणि खरं कारण त्याहून साधं आहे. नानांच्या समोर, त्यांच्या मांडीवरच्या जिवाबद्दल, त्यांना डावलून कागद करायचं धैर्य मला झालं नाही. त्याचे सहा तास राणीने मोजले.

पहाटे साडेचारला पाऊस थांबला. डॉक्टर बारा वाजता परत आले होते आणि जीपमध्ये बसून होते. नानांनी मला हाक मारली. "बाय, लिही माझं नाव." मग थोड्या वेळाने, "संध्याकाळीच लिहायला हवं होतं. मी माझं दुःख बघत बसलो."

बॅटरीच्या उजेडात मी आठ नावं लिहिली, डॉक्टरांनी दाखला लिहिला. आधी गाढ झोपेचं इंजेक्शन, ती पूर्ण झोपल्याची खात्री, मग दुसरं. नानांचा हात तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर होता. पाच-सात मिनिटांत सगळं शांत झालं. डॉक्टरांनी डोळ्याच्या बुबुळाला हात लावून पाहिलं, छातीला स्टेथोस्कोप लावला, तरी आणखी दहा मिनिटं थांबवलं.

सकाळी जेसीबी आणून खोल खड्डा केला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुष्कळ संस्था इथे चुकतात. औषध दिलेलं शव उघड्यावर टाकायचं नाही. ते खाणारी कुत्री, कावळे, घारी त्याच औषधाने मरतात. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडं संपत आली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद करावं लागलं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दयामरणाचं औषध त्या बाबतीत कमी घातक नाही.

पंधरा दिवसांनी विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस काढली. १८६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उद्दिष्टं बदलायची तर तीन पंचमांश सभासदांची मतं लागतात, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन ते कायम करावं लागतं. आम्ही नियमदुरुस्तीलाही तेच बंधन घालून घेतलं होतं. त्याबद्दल मात्र मला अजिबात पश्चात्ताप नाही. नियम बदलायला वेळ लागायलाच हवा. रागाच्या भरात बदललेला नियम पुढच्या रागात पुन्हा बदलतो.

सभा शाळेच्या वर्गात झाली. मी मसुदा वाचला: नोंदणीकृत पशुवैद्यकाने बरं न होणाऱ्या, न थांबणाऱ्या वेदनेचा लेखी दाखला दिला, तर नेमलेल्या तीन जणांपैकी जो पहिला मिळेल त्या एकाच्या संमतीने दयामरण देता येईल. संपूर्ण नोंद सात दिवसांत मंडळापुढे. एक सभासद म्हणाले, तीनऐवजी दोघं ठेवा, एकाचा संताप किंवा कंटाळा असू शकतो. त्यावर बराच वेळ गेला. शेवटी एकच ठेवलं, कारण दुसरा नेमका नदीपलीकडे असतो.

मग नाना उठले. मला वाटलं, विरोध करतील. त्यांनी खिशातून चतकोर कागद काढला आणि तीन वाक्यं वाचली. खर्च, जागेची टंचाई, म्हातारपण किंवा अपंगपण ही कारणं धरता येणार नाहीत. दाखला देणारा पशुवैद्यक मंडळाचा सदस्य किंवा संस्थेचा पगारी नोकर नसावा. आणि त्या वेळी प्राण्याच्या ओळखीचं एक माणूस त्याच्याजवळ बसलेलं असेल.

तिसरं वाक्य नियमावलीत बसतं का, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, बसतं. मी बसवते. पहिल्या सभेत सभासदांच्या तीन पंचमांशांहून दोन मतं जास्त पडली, महिन्याने दुसऱ्या सभेत एकही हात विरोधात वर गेला नाही. दुसऱ्या सभेनंतर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिला.

एक स्पष्ट करते, कारण इतर गावांतून मला हा मसुदा मागतात. हा नियम फक्त संस्थेच्या मालकीच्या प्राण्यांसाठी आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांना २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत. तिथे असाध्य आजारी किंवा मरणोन्मुख जखमी कुत्र्याचं निदान स्थानिक देखरेख समितीने नेमलेल्या पथकाने करायचं असतं, आणि दुसऱ्या कुत्र्यासमोर दयामरण देता येत नाही. भेकराचं पिल्लू, खवल्या मांजर असं काही कुणी पिशवीतून घेऊन आलं तर आपली नियमावली बाजूला ठेवायची आणि वनखात्याला फोन करायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे आपली संस्था कुणीच नाही.

गोठ्याच्या फाटकावर आता एक पत्रा लावलाय. त्यावर नेमलेल्या तिघांचे फोन नंबर आहेत, रंगाने लिहिलेले, पावसात पुसले जाऊ नयेत म्हणून. पहिला नंबर नानांचा आहे. त्यांच्या घरी रेंज येत नाही, म्हणून खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'नाही लागला तर माणूस पाठवा. रात्री कधीही.'