पुढच्या भागात डायनासोर गावाच्या शिवेवर येऊ द्या

२०२५ च्या जुलैमध्ये ‘ज्युरासिक वर्ल्ड: रीबर्थ’ प्रदर्शित झाला आणि या मालिकेचे सात चित्रपट पूर्ण झाले. पुढचा भाग कसा असावा, याबद्दल चाहत्यांची मते तेव्हापासून ऐकतो आहे. कुणाला पहिल्या चित्रपटातले शास्त्रज्ञ परत हवे आहेत, कुणाला आणखी एक बेट हवे आहे, तर कुणाला आधीच्या सगळ्यांहून अक्राळविक्राळ प्राणी हवा आहे. माझी अपेक्षा यातली कोणतीच नाही. ताडोबाच्या जंगलाला लागून असलेल्या गावात राहिल्यामुळे ती मनात तयार झाली आहे. मला डायनासोर आणि माणूस एकाच शिवारात राहताना पाहायचे आहेत.

खरे तर या मालिकेने तसे वचन स्वतःच दिले होते. २०१८ च्या ‘फॉलन किंगडम’च्या शेवटी डायनासोर पिंजऱ्यांतून सुटून माणसांच्या जगात मोकळे होतात. त्यानंतर २०१९ मध्ये ‘बॅटल ॲट बिग रॉक’ नावाचा अवघ्या काही मिनिटांचा लघुपट आला. जंगलात फिरत्या गाडीघरात मुक्कामाला असलेल्या एका कुटुंबासमोर शाकाहारी डायनासोर आणि त्याचे पिल्लू येते, आणि त्यांच्या मागावर मांसाहारी प्राणी येतो, एवढीच त्याची कथा आहे. त्यात जग वाचवण्याची धडपड नाही. आईवडिलांना फक्त लेकरे सुखरूप हवी आहेत. मला तो लघुपट या मालिकेतल्या कित्येक मोठ्या प्रसंगांपेक्षा खरा वाटला. पुढे २०२२ च्या ‘डोमिनियन’ने मात्र हा धागा सुरुवातीच्या काही दृश्यांतच गुंडाळला आणि कथा पिके फस्त करणाऱ्या महाकाय टोळांकडे वळवली. ‘रीबर्थ’ने तर आजचे हवामान न मानवल्यामुळे बहुतेक डायनासोर मेले आणि उरलेले विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात राहिले, असे सांगून तो प्रश्नच बाजूला ठेवला.

सहजीवन हा शब्द शहरातल्या चर्चासत्रात गोड वाटतो, पण आमच्याकडे त्याचा अर्थ जागल असा आहे. रब्बीचा हरभरा घाटे धरू लागला की रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचे कळप रात्री वावरात उतरतात, आणि एका रात्रीत उभे पीक आडवे होते. म्हणून आमचे काका थंडीच्या रात्री मचाणीवर बसतात. अंगावर घोंगडे, हाताशी बॅटरी आणि दोरीने लटकवलेला पत्र्याचा डबा, हा त्यांचा सरंजाम. धुऱ्याकडून काही सळसळले की आधी ते डबा वाजवत नाहीत, तर श्वास रोखून नुसते ऐकतात. रानडुक्कर मुळ्या उकरताना फुरफुरते आणि रोह्याच्या खुरांचा आवाज जड येतो. अचानक सगळेच शांत झाले, तर मात्र ते बॅटरी लावून चारही दिशांना फिरवतात, कारण ती शांतता वाघाची असू शकते. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बायका एकमेकींना हाका देत राहतात, त्याचेही कारण हेच आहे. वाकून काम करणारे माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे जाणती माणसे सांगतात. तरीही गावात वाघाबद्दल निव्वळ द्वेष नाही. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटा लोकांना माहीत असतात, ढोर मारले गेले तर पंचनामा होतो, भरपाईची वाट पाहिली जाते, आणि दुसऱ्या दिवशी गुराखी उरलेली जनावरे घेऊन पुन्हा रानात जातो.

या जगण्यात एका उत्तम चित्रपटाचे सगळे साहित्य आहे, असे मला मनापासून वाटते. वीस टनांचा शाकाहारी प्राणी धानाच्या बांधीत उतरला तर त्याला हाकलायचे कसे? त्याला मारायची परवानगी कोण देणार? त्याच्या मागोमाग येणाऱ्या मांसाहारी प्राण्याची चाहूल गावाला कशावरून लागेल, आणि ती ओळखणारे पहिले माणूस कोण असेल? हे प्रश्न प्रयोगशाळेत तयार केलेल्या नव्या संकरित राक्षसापेक्षा कितीतरी जास्त उत्कंठा निर्माण करतील. ‘इंडोमिनस’, मग ‘इंडोरॅप्टर’, मग ‘रीबर्थ’मधला विद्रूप टी-रेक्स, अशी ही चढाओढ आता थांबावी. प्राणी जितका बनावट होत जातो, तितकी त्याची भीती कमी होत जाते.

१९९३ च्या पहिल्या चित्रपटाला हे नेमके कळले होते. दोन तासांहून थोड्या मोठ्या त्या चित्रपटात डायनासोर प्रत्यक्ष पडद्यावर जेमतेम पंधरा मिनिटे दिसतात. उरलेला वेळ त्यांची चाहूल असते. गाडीत ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उमटतात आणि प्रेक्षक खुर्चीत सावरून बसतो. टी-रेक्सची ती प्रसिद्ध डरकाळी हत्तीच्या पिल्लाचा चीत्कार, वाघाचा आणि मगरीच्या कुळातल्या ॲलिगेटरचा आवाज मिसळून तयार केली होती, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले. त्यात वाघ आहे हे कळल्यावर आमच्या भागातल्या कुणालाही नवल वाटणार नाही.

डायनासोरचा आमच्याशी संबंध केवळ कल्पनेतला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातले पिजदुरा हे गाव जगभरच्या जीवाश्म अभ्यासकांना ठाऊक आहे. जवळच्या डोंगरगावला १९८० च्या दशकात टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांच्या कुळातल्या एका प्राण्याचा सांगाडा मिळाला, आणि तो खोदून काढणाऱ्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला पुढे ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले. पिजदुऱ्याच्या शिवारात सापडलेल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष आढळले, आणि डायनासोरांच्या काळातच पृथ्वीवर गवत उगवले होते, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. ‘रीबर्थ’मध्ये उंच गवतात उभ्या असलेल्या टायटॅनोसॉरांचे जे दृश्य आहे, ते पाहताना माझ्या डोळ्यांसमोर वरोऱ्याकडची काळी जमीन होती. संपूर्ण चित्रपटात शिकार आणि पळापळ असताना तेवढेच दृश्य निवांत आहे, आणि मालिकेचे भवितव्य त्याच दिशेला आहे अशी माझी धारणा आहे.

सामान्य माणसांच्या जमिनीवर पाय ठेवला की थकलेल्या मालिकाही उभ्या राहतात, याची उदाहरणे आहेत. ‘प्रेडेटर’ मालिकेने २०२२ च्या ‘प्रे’मध्ये १७१९ सालच्या कोमांची जमातीतली एक शिकारी मुलगी केंद्रस्थानी आणली, आणि परग्रहावरचा तोच जुना शिकारी पुन्हा धडकी भरवू लागला. १९५४ पासून चालत आलेल्या गॉडझिलाने २०२३ च्या ‘गॉडझिला मायनस वन’मध्ये युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जपानी कुटुंबांची कथा सांगितली आणि दृश्य परिणामांचा ऑस्करही मिळवला. ‘रीबर्थ’चे दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स यांनी २०१० च्या ‘मॉन्स्टर्स’मध्ये परग्रहावरच्या प्राण्यांच्या सावलीत राहणाऱ्या माणसांचीच गोष्ट केली होती, म्हणून पुढचा भागही त्यांच्याकडे गेला तर मला आनंद होईल.

प्रत्येक मालिका चालू राहावी असा माझा आग्रह नाही. हॅरिसन फोर्ड यांनी १९८१ पासून साकारलेला इंडियाना जोन्स २०२३ मध्ये निरोप घेऊन गेला आहे, आणि त्या टोपीखाली दुसरा चेहरा मी पाहू इच्छित नाही. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या कर्त्यांनी तीन भागांनंतर चौथा करण्यास सतत नकार दिला, तोही मला योग्य वाटतो. ज्युरासिकचे तसे नाही, कारण तिथला सर्वांत मोठा प्रश्न अजून कुणी नीट सोडवायलाच घेतलेला नाही.

आणखी एक मागणी आहे. पहिला ‘ज्युरासिक पार्क’ १९९४ मध्ये हिंदीत आला आणि त्यामुळेच तो आमच्यासारख्या गावांपर्यंत पोहोचला. ‘प्रे’ हा संपूर्ण चित्रपट कोमांची भाषेतही उपलब्ध करून देण्यात आला, आणि ती भाषा बोलणारी माणसे तर अगदी थोडी उरली आहेत. मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत, त्यामुळे पुढचा भाग चांगल्या मराठी आवाजांत, चांगल्या मराठी संवादांत यावा. तसा आला तर काकांना घेऊन मी चंद्रपूरला पहिल्याच आठवड्यात जाईन, आणि मचाणीवरच्या माणसाला पटेल असे पडद्यावर काय काय आहे, ते त्यांनाच विचारून इथे लिहीन.