दुखते म्हणजे नेमके कसे दुखते?

फिजिओथेरपीच्या ओपीडीत काम करताना मला एक गोष्ट मनोमन पटली आहे. तीन महिन्यांहून जुने दुखणे घेऊन रुग्ण आला की त्याच्या एमआरआयचे पाकीट उघडण्याआधी त्याच्या तोंडचे क्रियापद नीट ऐकावे. गुडघा ठणकतो, पायात चमक निघते, तळव्याची आग होते, बोटे आखडतात, अंग मोडून येते, हे सारे आपण ‘दुखते’ या एका शब्दात बसवतो, पण त्यांच्यामागे निरनिराळ्या यंत्रणा असू शकतात. त्यानुसार दुखण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार शरीराच्या एखाद्या भागाला झालेल्या इजेतून, झिजेतून किंवा दाहातून येतो. झिजलेला गुडघा जिना उतरताना दुखतो, टेकल्यावर बरा वाटतो आणि रुग्ण त्या जागेवर बोट ठेवू शकतो. दाहामुळे होणारे दुखणे याच प्रकारातले असले तरी त्याची रीत उलटी असते. चाळिशीच्या आत सुरू झालेली, पहाटे जाग आणणारी, उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ पाठ ताठ ठेवणारी आणि विश्रांतीपेक्षा हालचालीने हलकी होणारी कंबरदुखी दिसली, तर मी रुग्णाला आधी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवते.

चमक, आग, मुंग्या, बधिरपणा हे शब्द आले की दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे नसेच्या दुखण्याचा संशय घ्यावा, मात्र केवळ शब्दांवर विसंबू नये. कंबरेतून निघालेली कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पायाच्या अंगठ्यापर्यंत जात असेल, तर अंगठा वर उचलण्याची ताकद आणि तिथल्या कातडीला कापूस व टाचणी कशी जाणवते हे तपासावेच लागते.

तिसरा प्रकार ओळखायला मी स्वतः चुकले आहे. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने 2017 मध्ये त्यासाठी ‘नॉसिप्लास्टिक’ ही संज्ञा स्वीकारली. यात दुखण्याचा पुरेसा उलगडा होईल अशी इजा किंवा नसेचा विकार सापडत नाही. वेदनेची जाणीव घडवणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. शिवणकाम करणाऱ्या, पन्नाशीतल्या एका काकूंच्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसली म्हणून मी दोन महिने ट्रॅक्शन, म्हणजे मानेला ताण देण्याचा उपचार, दिले आणि त्यांचे दुखणे वाढले. (दुखणे नसलेल्या माणसांच्या मणक्यांच्या चित्रणांचा 2015 मधला आढावा सांगतो की मणक्यांमधल्या चकतीची झीज विशीतल्या 37 टक्के लोकांतही आढळते. हे मला ठाऊक होते, तरीही मी एक्स-रेवर भिस्त ठेवली.)

शेवटी मी त्यांच्यापुढे माणसाच्या आकृतीचा कागद आणि लाल पेन्सिल ठेवली. त्यांनी दोन्ही खांदे, पाठ आणि दोन्ही मांड्या रंगवल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, बांगडी सरकली तरी मनगट कळवळतं. रात्रभर झोपले तरी सकाळी अंग शिणलेलंच असतं.” कधीच तक्रार नसलेल्या दंडावर मी नख पांढरे पडेल इतपत अंगठा दाबला, तर त्यांनी हात झटकन मागे घेतला. मानेची झीज मांड्यांचे दुखणे कसे समजावणार? घरी ‘हिचं रोजचंच’ म्हणून सोडून दिलेली ती वेदना पूर्णपणे खरी होती.

हे प्रकार एकाच शरीरात एकत्रही नांदतात. झिजलेल्या गुडघ्यावर तिसऱ्याची भर पडलेली मी अनेकदा पाहते. उपचार मात्र वेगळे ठरतात, कारण सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा या तिसऱ्या प्रकारात फारसा उपयोग होत नाही.

काकूंचे ट्रॅक्शन मी थांबवले, दुखण्याचे कारण त्यांना दोन बैठकांत समजावले, झोपेची वेळ ठरवून दिली आणि रोज सात मिनिटे चालण्यापासून सुरुवात केली. चार महिन्यांनी तोच कागद नव्याने दिला, तेव्हा त्यांनी खांदे रंगवले, थोडी पाठ रंगवली आणि मांड्यांपाशी येऊन पेन्सिल खाली ठेवली.