सात किलो नऊशे

बुधवार, रात्री साडेदहा

आज लेकीचं वजन सात किलो नऊशे भरलं! मागच्या बुधवारी सात सहाशे होतं. सिस्टर वहीत लिहीत होत्या, तेवढ्यात मी वाकून काटा पुन्हा बघितला. ह्यांना गावी फोन लावला, तर पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

दोन वर्षांची पोर. खाते, पण अंगी लागत नाही, असं म्हणत आम्ही आठ महिने घालवले. सासूबाई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या. डॉक्टर टॉनिक बदलत राहिले, म्हणायचे, पोर हसतेय, खेळतेय, मग काळजी कसली? मलाही ते पटायचं, आणि हेच आता सोसत नाही. डोळे थरथरायला लागले तेव्हा कुठे एमआरआय झाला. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात गाठ असली की काही लहान मुलं हडकतात, तरी आनंदी दिसतात म्हणे. रसेल नावाच्या डॉक्टरांनी १९५१ मध्येच हे लिहून ठेवलंय. म्हणजे तिचं ते हसूसुद्धा आजारातलं? मला अजून मानवत नाही.

गाठ हळू वाढणारी आहे, पण जागा वाईट. भूक, तहान, हार्मोन सगळं तिथूनच चालतं, शेजारीच डोळ्यांच्या नसा. पूर्ण काढायला गेलं तर भलतंच काही गमवावं लागेल. एवढ्याशा मेंदूला रेडिएशन नको, ते जमेल तितकं पुढे ढकलायचं, म्हणून केमो.

आज आठवा आठवडा. व्हिनक्रिस्टीन हे पहिलं औषध पटकन जातं. दुसऱ्याचं, कार्बोप्लॅटिनचं, सलाईन लागलं की माझी नजर तिच्या मानेवरून हलत नाही. या औषधाची ॲलर्जी बरेच डोस झाल्यावरही उठते, आणि आजचा सहावा होता. कॉलर खाली ओढून सारखी बघत होते. एक लाल ठिपका दिसला आणि पोटात गोळाच आला. सिस्टरांनी बोट फिरवून पाहिलं. घामोळं होतं.

एरवी पोर्टला, म्हणजे औषधासाठी कातडीखाली बसवलेल्या डबीला, सुई टोचतानाही हसणारी पोर आज रडली. सिस्टरांचा हात ढकलला, मला कडकडून चावली, मग तासभर कडेवरून उतरली नाही. दंडावर दातांचे वण अजून आहेत. हात सारखा तिथेच जातोय.

आता झोपलीय. व्हिनक्रिस्टीननंतर पोट साफ होत नाही, म्हणून काळ्या मनुका भिजत घातल्यात. दोन आठवड्यांनी एमआरआय.