तुम्ही विचारलंत म्हणून: हा धोंडा कशासाठी

माझा हा मोठा कॅमेरा, निकॉनचा डी८५०, पाहिला की लोक विचारतात. प्रश्न तीन असतात आणि ते बहुधा याच क्रमानं येतात. आधी, "काकू, झेपतो का हो तुम्हाला?" मग, "मोबाइलवर किती भारी फोटो येतात आता, हा धोंडा अजून कशाला?" आणि ज्याला थोडंफार कळतं तो शेवटी म्हणतो, "पंचेचाळीस मेगापिक्सेल? आणि टाकणार कुठं, ग्रुपवरच ना?"

हसून वेळ मारून नेण्यात बरीच वर्षं गेली. आता एकदा लिहूनच टाकते. पुढच्या वेळी विचारलंत तर हे वाचायला देईन.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. डी८५० बॅटरीसकट किलोभर भरतो. बाजाराच्या दिवशी मी याच्या चौपट भाजी हातात घेऊन दोन मजले चढते, तेव्हा कुणीही झेपतंय का म्हणून विचारलेलं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्याचं उत्तर देताना माझी चिडचिड होते, कारण हेच प्रश्न मी स्वतः लोकांना विचारत असे. माझ्याकडे डी७०० होता, १२ मेगापिक्सेलचा. २०१२ मध्ये ३६ मेगापिक्सेलचा डी८०० आला तेव्हा आमच्या ओळखीतल्या एकानं तो घेतला. त्याला मी ऐकवलं होतं की मेगापिक्सेल ही दुकानदारांची भाषा आहे. लांब बाजूच्या ४२५६ पिक्सेलला छपाईच्या इंचाला ३०० नं भागा, १४ इंच रुंद प्रिंट निघते. त्याहून मोठी रिकामी भिंत आहे का तुझ्या घरात? तो बिचारा गप्प बसला. हिशेब बरोबरच होता. आजही पोर्ट्रेटसाठी, सहलीसाठी, नातवाच्या वाढदिवसासाठी माझं मत तेच आहे, आणि ते फोटो मी मोबाइलवरच काढते. कुणी पाहिलेलं नसेल म्हणून सांगितलं.

पण मी काय करते हे तुम्हाला माहीत आहे. लोकांच्या घरातले मोडी कागद. रुमाल, म्हणजे कागद बांधून ठेवलेलं फडकं, सोडायचा, कागद पसरायचा, वरून कॅमेरा, दोन्ही बाजूंनी दिवे, लेन्सचं छिद्र एफ ८ ला, आणि पुढचा. यात भिंतीचा प्रश्नच येत नाही. इथं एकच विचारायचं असतं: कागदाच्या एका इंचाला किती पिक्सेल मिळाले. बोरूची बारीक रेघ धरा ०.२ मिलिमीटर. ए३ एवढा कागद डी८५० च्या एका फ्रेममध्ये घेतला तर लांब बाजूला इंचाला जवळजवळ ५०० पिक्सेल पडतात, म्हणजे त्या रेघेच्या जाडीत चार. तेवढे असले की शाई कुठं संपली आणि कागदाचा धागा कुठं सुरू झाला ते वेगळं दिसतं. डाग आणि अनुस्वार यांत फरक करता येतो.

आता ती गोष्ट सांगते. मी सहसा टाळते.

कृष्णाकाठचं एक गाव, सांगलीच्या अलीकडचं. नाव घेत नाही, कारण त्या घरात माझं अजून जाणंयेणं आहे. कुलकर्णी वतन असलेलं घराणं, दोन पात्या म्हणजे शाखा, आणि थोरली कोणती यावर तीन पिढ्यांचा वाद. कोर्टकचेरी नाही, नुसता अभिमान. घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं ठरलं तेव्हा धाकटी म्हणवल्या जाणाऱ्या पातीनं सांगितलं की आमच्याकडे महजर आहे, म्हणजे निवाड्याचा कागद, गोतसभेनं बसून दिलेला, खाली पाटलाची नांगराची निशाणी, बलुतेदारांच्या निशाण्या, सगळं. २०१८ ची गोष्ट. मी म्हटलं, येते कॅमेरा घेऊन.

घरातले आबा नको म्हणाले. मोठा कॅमेरा, दिवे, स्टँड म्हटल्यावर गावात चर्चा होणार, जमिनीचं काही निघालं की काय. "आणि काकू, पोरानं मोबाइलवर काढलंय की सगळं. पाठवतो तुम्हाला." पुतण्यानं मन लावून काढले होते, त्याच्यावर माझा राग नाही. स्कॅन करायचं ॲप वापरलं होतं, त्यामुळे कागद पांढराशुभ्र आणि अक्षर काळंकुळकुळीत दिसत होतं. मीसुद्धा म्हणाले, छान आलंय. मजकूर लागला. कोण कुणाशी भांडलं, गोतानं काय ठरवलं, सगळं वाचता आलं. सालाच्या ओळीवर घडी आली होती, तेवढं अडलं. मूळ कागद माळ्यावरच्या पेटीत होता. म्हटलं, दिवाळीनंतर एकदा जाऊन नुसती नजर टाकू. ती दिवाळी गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे लग्न होतं.

२०१९ चा ऑगस्ट तुम्हाला सांगायला नको. सांगलीत इर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. त्या घरात २००५ च्या पुराची रेघ भिंतीवर मारून ठेवलेली होती आणि पेटी त्या रेघेच्या चांगली हातभर वर होती. आबांनी मला ती रेघ कौतुकानं दाखवली होती. अख्ख्या नदीकाठानं सामान २००५ च्या हिशेबानंच वर चढवलं होतं.

पाणी उतरल्यावर घरात आधी चिखल काढायचा असतो, मेलेली जनावरं, भिजलेलं धान्य. कागदांचं कुणाला सुचणार? मला फोन आला तोवर त्यांनी रुमाल गच्चीवर उन्हात टाकला होता. ओल्या हातकागदाचा गठ्ठा तसाच वाळला की आतल्या खळीनं आणि डिंकानं पानाला पान चिकटतं. मी गेले तेव्हा एक कडक ठोकळा हातात आला, कडेनं बुरशी. वरचं पान सोडवायला गेले तर पापुद्रा निघाला, त्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी कागदाची शाई उलटी उमटलेली. आबा शेजारी उभे होते. "होईल ना काकू काही?" मी हो म्हणाले. पुण्याला दाखवूही म्हणाले. दाखवलंही. काही झालं नाही.

मग उरले ते पुतण्याचे फोटो. त्याचा तो मोबाइलही पुरातच गेला होता, म्हणजे माझ्याकडे मेसेजमधून आलेली प्रत हीच मूळ प्रत. लांब बाजू १६०० पिक्सेल. हिशेब केला: इंचाला शंभरसुद्धा नाहीत. बोरूची बारीक रेघ एका पिक्सेलपेक्षा अरुंद. त्यातून त्या ॲपनं कागद पांढरा करताना जे जे फिकट होतं ते कागद समजून पुसलेलं.

साल सुहूर होतं, म्हणजे मराठेशाहीतल्या कागदांवरच्या कालगणनेचं, अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं. शेवटी 'मया व अलफ' स्वच्छ, म्हणजे अकराशे. त्याआधीच्या शब्दात मात्रा आणि न दिसतो, बाकी घडीत. तो 'सबैन' असेल तर सुहूर ११७०, म्हणजे इसवी १७६९-७०. 'तिसैन' असेल तर ११९०, म्हणजे १७८९-९०. 'सितैन'ही बसलं असतं, पण मजकुरात 'माधवराव पंडित प्रधान' आहे आणि ११६० ला पेशवे नानासाहेब होते. तेवढ्यानं एक शक्यता कटली. पुढं मात्र काही नाही. बापाचं नाव बल्लाळ की नारायण ते लिहिणाऱ्यानं लिहिलेलं नाही. थोरल्या माधवरावांच्या काळात एक साल, सवाई माधवरावांच्या काळात दुसरं. आणि घराण्याची रीत अशी की आजोबाचं नाव नातवाला. महजरातला तो माणूस १७७० मधला आजोबा की १७९० मधला नातू, यावर थोरली पाती ठरते.

मी कितीदा ते चित्र मोठं केलं असेल. मोठं केलं की ठोकळे दिसतात. पुतण्यानं मध्येच ते कुठल्याशा स्पष्ट करून देणाऱ्या ॲपमध्ये घातलं आणि आनंदानं पाठवलं, "काकू, बघा, आता लागलं." खरंच लागत होतं. स, त्यापुढं ब, वर मात्रा, कडा कोरल्यासारख्या. ज्या जागी पिक्सेलच नव्हते तिथं मोडीचं म सुद्धा ठाऊक नसलेल्या यंत्रानं अक्षर काढून दिलं होतं. मी त्याच्यावर ओरडले. त्याला कळेना मी का ओरडतेय. त्याच्या पातीला 'सबैन'च हवं होतं.

त्या वर्षअखेर मी डी८५० घेतला. निवृत्तीच्या पैशांतले अडीच लाखांच्या घरात गेले, लेन्स वेगळी. घरी सांगितलं की कामासाठी लागतो. वरचा तो चार पिक्सेलचा हिशेब मांडला, मुलाला पटला.

आता जे घरी सांगितलेलं नाही ते. तोच हिशेब डी७०० ला लावून पाहा. ए३ ला इंचाला अडीचशेच्या आसपास पिक्सेल येतात, रेघेच्या जाडीत दोन. नीट उजेडात, तिरप्या दिव्यानं घडीवर प्रकाश टाकून काढला असता तर माझ्या जुन्या १२ मेगापिक्सेलवरही तो शब्द वाचता आला असता, असं मला वाटतं. कदाचित पुतण्याच्या मोबाइलवरही, त्यानं ॲपमध्ये न घालता मूळ फाइल तशीच दिली असती तर. गेलं ते मेगापिक्सेल कमी होते म्हणून गेलं, असं नाही. म्हणजे पंचेचाळीसचं गणित मी नंतर बसवलंय. २०१२ मधली मी समोर आली तर नेमकं हेच तोंडावर सांगेल, आणि मला तिला उत्तर देता येणार नाही.

तरी थोडं देते. दस्तऐवजांसाठी ३०० ते ४०० पीपीआय, म्हणजे इंचाला तेवढे पिक्सेल, लागतात असं मानतात. १२ मेगापिक्सेलमध्ये ते गाठायला कागद तुकड्यांत काढावा लागतो, आणि कुणाच्या तरी ओसरीवर, लाइट जायच्या आत, घरमालकाचं मन बदलायच्या आत तुकडे जुळवत बसायला वेळ नसतो. एका फ्रेममध्ये कागद पूर्ण येतो याची किंमत ज्यानं हे काम केलंय त्यालाच कळेल. शिवाय काढताना मी काय बघायचं ते मला माहीत नसतं. साल महत्त्वाचं ठरेल हे २०१८ मध्ये मला तरी कुठं माहीत होतं?

याची किंमतही सांगते. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, एकेक पन्नास एमबीच्या आसपास, डिस्कवर डिस्क. कॅमेऱ्यातला आरसा हलला तरी कंप दिसतो. फोकस केसभर चुकला तर बारा मेगापिक्सेलमध्ये झाकलं जायचं, इथं उघडं पडतं. माझी एक आवडती जुनी लेन्स इतकी मऊ होती हे मला कधीच कळायला नको होतं.

आणि आबांचं काय? तेही बरोबरच होते. दिवे-स्टँड पाहून अंग चोरणारी घरं मी त्यानंतरही पाहिली आहेत. मी तेव्हा हट्टानं कॅमेरा नेला असता तर पेटी खाली उतरलीच नसती, आणि आज जे अस्पष्ट का होईना हातात आहे तेही नसतं. पुतण्याच्या मोबाइलपुढं पेटी उघडली, कारण तो मोबाइल होता. त्यामुळे 'मोबाइल कशाला नको' असं तुम्ही मला विचारलंत तर मी गप्प बसते, आणि 'कॅमेरा कशाला' विचारलंत तर तापते. दोन्ही एकाच गोष्टीमुळे.

कुलवृत्तांतात शेवटी दोन्ही सालं छापली, मध्ये 'किंवा' घालून. दोन्ही पात्यांनी मला फोन करून नाराजी कळवली.

मिररलेसचं, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्याचं, राहिलं. घेईन की, याचं शटर गेलं की. दोन लाख क्लिकचं शटर आहे. पण कागदांसाठी मी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, इलेक्ट्रॉनिक शटर वापरते, कंप नको म्हणून. दिवे न लुकलुकणारे असले की चित्रात पट्टे येत नाहीत. त्यात दर फोटोला खरं शटर हलत नाही, तेव्हा ते लवकर जाईल असं काही दिसत नाही.